मुठीतला कापूस, बोटावरची बोली

दिवाळी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलबंड्या असायच्या, आता टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. हर्रास सुरू होण्याआधी खरेदीदार काय करतो ते पाहण्यासारखं असतं. वरच्या थराकडे तो ढुंकूनही बघत नाही, कारण वरचा कापूस चांगलाच असणार हे त्याच्या आजोबांनाही ठाऊक होतं. तो कोपरापर्यंत हात आत खुपसतो, खालून मूठभर कापूस ओढून काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ताणतो, किती लांब येतो आणि कुठे तुटतो ते बघतो. मग एक सरकी दाताखाली फोडतो. ओल किती आहे ते त्याला दातच सांगतात. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा आठ टक्के आणि कपात सोसून बारा टक्के असते. ती मोजायला यंत्र आहे, पण या माणसाचा यंत्रावर दाताइतका विश्वास नाही. एवढं सगळं झाल्यावर तो तोंड उघडतो आणि आकडा सांगतो. तोही शेतकऱ्याच्या अपेक्षेपेक्षा कमीच असतो.

लिलावाच्या बाबतीत आम्हा वऱ्हाडकरांना कोणी शिकवू नये. शेजारच्या कारंज्याला १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच आला. त्या काळात अनेक बाजारांत रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचे. दलालाला कळायचं, व्यापाऱ्याला कळायचं, फक्त ज्याचा माल त्यालाच कळायचं नाही. उघड्या हर्रासाने ती बोटं रुमालाबाहेर काढली.

आता गंमत अशी, की दिवसा कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय आकडा न सांगणारा हाच माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाईल हातात घेतो आणि कधीही न पाहिलेल्या माणसाची, कधीही हात न लावलेली वस्तू, चार फोटो बघून बोलीवर घेतो. बोटं पुन्हा दिसेनाशी झाली. मधल्या सव्वाशे वर्षांत रुमाल तेवढा काचेचा झाला.

या धंद्याचा श्रीगणेशाच मुळी बिघडलेल्या मालाने झाला आहे. १९९५ साली पियरे ओमिडियार नावाच्या अमेरिकेतल्या तरुणाने लिलावाचं संकेतस्थळ काढलं. पुढे त्याचंच नाव ईबे झालं. तिथे पहिल्यांदा विकला गेला तो त्याचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर, चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटला. ओमिडियारने घेणाऱ्याला प्रामाणिकपणे विचारलं, तो मोडलेला आहे हे तुम्हाला कळलंय ना? त्यावर तो गृहस्थ म्हणाला, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो! या उत्तरात पुढचा सगळा व्यवसाय आला. जगात प्रत्येक भंगाराला कुठेतरी एक गिऱ्हाईक असतं. अडचण एवढीच, की ते आपल्या गावात नसतं. आपल्याकडे २००० साली बाजी डॉट कॉम आलं, २००४ मध्ये ते ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरला घेतलं आणि २०१८ मध्ये ईबेचं इथलं दुकान बंद झालं. मधल्या काळात मात्र त्याने अनेक पापभीरू माणसांना रात्री जागायला लावलं.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी त्यांतलेच. त्यांना मर्फीचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ हवा होता. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस, पण लिलावाच्या शेवटच्या रात्री दोनशे-दोनशेने वर चढत होता. समोर कोलकात्याचा कोणी होता, असं गुरुजी सांगतात. त्याचं नाव दिसत नव्हतं, फक्त आकडा दिसत होता, आणि गुरुजींचा आकडा पडला की क्षणात त्याचा वर येऊन बसत होता. गुरुजींनी त्या आकड्याशी वैर धरलं. दाराशी उभं राहून हा सगळा प्रकार बघत असलेल्या गुरुजींच्या घरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, तुमाले रेडिओ पायजे, का त्या मानसाले हरवाचं हाय?" गुरुजींनी उत्तर दिलं नाही. त्यांना तेवढ्यात आणखी दोनशे वाढवायचे होते.

रेडिओ आला. लाकूड आरशासारखं चकचकीत, बटणं शाबूत, समोरून पाहावं तर नवरदेव. सगळे फोटो समोरूनच काढलेले का होते, ते मागची पाटी उघडल्यावर कळलं. एका व्हॉल्व्हची जागा रिकामी होती आणि उरलेल्या जागेत उंदराने संसार थाटून मोडलेला होता. दुरुस्तीवाल्याने बरेच दिवस लावले. शेवटी एका रात्री खरखरीतून नागपूर लागलं. यवतमाळ मात्र लागेना आणि लागणारही नव्हतं, कारण आमचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आणि या रेडिओच्या जन्माच्या वेळी आपल्याकडच्या घरगुती रेडिओत सहसा एफएमचा पट्टा नसे. अख्ख्या देशाशी झुंजून आणलेल्या रेडिओवर आपलंच गाव ऐकू येत नाही, याचं गुरुजींना जराही वाईट वाटलं नाही. आल्यागेल्याला ते आधी रेडिओ दाखवतात, मग कोलकात्याचा माणूस कसा हरला ते सांगतात. कोलकात्याची गोष्ट जास्त वेळ चालते.

बाईंच्या प्रश्नाच्या जवळचाच एक प्रश्न अर्थशास्त्रातही आहे. तेलाच्या विहिरींच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली त्यावर निबंध लिहिला. दहा जणांनी एकाच वस्तूच्या किमतीचा अंदाज केला, तर कोणाचा कमी येणार, कोणाचा जास्त. लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यांत वर गेला तो, आणि तोच बहुधा खऱ्या किमतीच्याही वर गेलेला असतो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. म्हणजे हातोडा पडल्यावर तुमचं अभिनंदन करायला कोणी आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांना ती वस्तू इतक्या पैशांची वाटत नव्हती. लिलावाच्या सिद्धान्तासाठी २०२० साली पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना नोबेल मिळालं. तुम्ही स्वतः कधी लिलावात काही घेतलंत का, असं पत्रकारांनी विचारल्यावर विल्सन आधी नाही म्हणाले. मग बायकोने आठवण करून दिली, की आपण ईबेवरून बर्फावर घसरायचे बूट घेतले होते. लिलावाचं गणित नवऱ्यांनी मांडावं आणि हिशेब बायकांनी लक्षात ठेवावा, हा नियम यवतमाळपासून कॅलिफोर्नियापर्यंत सारखाच दिसतो.

गुरुजींना फटका बसला तो हौसेचा होता आणि हौसेला मोल नसतं. खरी भीती वेगळीच आहे. मध्यंतरी गावोगावच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट तुमच्याकडे असेल, तर तिला लिलावात लाखो रुपये मिळतील! आमच्या भागात ट्रॅक्टरचं चित्र कोणालाही आपलंच वाटणार. पेट्या उघडल्या गेल्या, देव्हाऱ्यातले डबे उपडे झाले, पोथीत ठेवलेल्या नोटा बाहेर आल्या. फोन लावला की पलीकडचा साहेब नोट घ्यायला तयारच असायचा, फक्त आधी नोंदणीचे पाचशे, मग कराचे दोन हजार, मग रिझर्व्ह बँकेच्या प्रमाणपत्राचे आणखी काही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कोणाकडून शुल्क मागत नाही. पण पत्रक वाचणारे वेगळे आणि पेट्या उघडणारे वेगळे. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला तेव्हा भाजीची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी जे बोलली, त्यावर बँकेलाही काही वाढवता आलं नसतं. "लाख देनारा मानूस पाचशे रुपये आधी काहून मांगते बाप्पा?"

खऱ्या लिलावातही डोळे उघडे ठेवावेच लागतात. वर्तमानपत्रात बँकांच्या ई-लिलावाच्या जाहिराती येतात. कर्ज थकलेल्याचं घर, राखीव किंमत, त्याच्या साधारण दहा टक्के अनामत. बोली लागली की पंचवीस टक्के पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आणि उरलेली रक्कम विक्री मंजूर झाल्यापासून साधारण पंधरा दिवसांत भरायची. भाव बाजारापेक्षा कमी दिसतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मात्र खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जसे आहे तसे, जिथे आहे तिथे. या सहा शब्दांत गळकं छत येतं, थकलेली घरपट्टी येते, आणि कधी कधी आत राहणारा माणूसही येतो, जो कुठेही जायला तयार नसतो. अशा ठिकाणी कापसाच्या व्यापाऱ्याचीच रीत बरी. आधी जाऊन कोपरापर्यंत हात घालावा, मग आकडा सांगावा.

एवढं सगळं असूनही लोक बोली का लावतात? कारण काही वस्तू दुकानात मिळतच नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक, पहिले रघुजीराजे भोसले यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने ती घेतली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईला पोहोचली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी ती नेली असावी असा अंदाज आहे. नेणाऱ्याने काय दिलं होतं ते कोणी विचारू नये. परत आणायला बोली लावावी लागली, आणि इथे विजेत्याच्या शापाची भीती कोणी घातली नाही, कारण ज्यांचा राजा त्यांच्या दृष्टीने या तलवारीला बाजारभाव नाहीच.

लहान माणसांचंही असंच असतं, फक्त शून्यं कमी असतात. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला यायची ती आमची शकुंतला रेल्वे १९०३ पासूनची. तिने इथला कापूस मुंबईकडे आणि तिथून बोटीने मँचेस्टरकडे धाडला, आणि तिला ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरहूनच आलेलं. दारव्ह्याच्या एका मुलाने, जो आता पुण्यात नोकरी करतो, या गाडीचं पुठ्ठ्याचं एक जुनं तिकीट इंग्लंडमधल्या एका संग्राहकाकडून बोलीत घेतलं. बोटाएवढा तपकिरी पुठ्ठा, एका कडेला चिमट्याचं भोक, दोन स्टेशनांची नावं आणि पुसट झालेला नंबर. तिकिटापेक्षा टपालखर्च जास्त आला. त्याच्या आजोबांनी दर आठवड्याला अशी तिकिटं फलाटावर फेकली होती. त्यांना हे कळलं तेव्हा ते तिकीट उलटंपालटं करून एवढंच म्हणाले, "हे तं वापरलेलं हाय ना रे!" नातू हसला, पण तिकीट आजोबांनी परत दिलं नाही. ते अजून त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहे.

तेव्हा लिलावाच्या नादी लागूच नका, असं मी म्हणणार नाही. बोली जरूर लावा, फक्त आपला शेवटचा आकडा आधी कागदावर लिहा आणि घरात तुमच्या हौसेबद्दल ज्याचं मत सगळ्यांत वाईट आहे, त्याच्या हाती तो कागद द्या. मागच्या बाजूचा फोटो मागा. देत नसेल, तर उंदीर आहे असं समजा. मोबाईलवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून मोबाईलच्या मागे चिकटवा. फसलातच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. आणि कागदावरचा आकडा ओलांडून एखादी वस्तू घरी आलीच, तर विचारणाऱ्याला तिची किंमत निदान खरी सांगा.