तंजावरला निघालेल्या मराठी पाहुण्यास अनावृत पत्र

मुक्काम धाकटी डहाणू, तालुका डहाणू, जिल्हा पालघर

दक्षिण दर्शनास निघालेले माननीय पाहुणे यांस,


आपण यंदा तंजावरला निघाल्याचे कळले, आनंद झाला. बसमध्ये मराठी गाइड आहे, मागच्या गाडीत मराठी आचारी आहे, सकाळी पोहे, दुपारी वरणभात आणि रात्री पिठले मिळेल याची हमी पत्रकात छापलेली आहे. म्हणजे जिभेला परमुलूख बाधण्याची भीती उरली नाही. कार्यक्रमही आटोपशीर आहे. बृहदीश्वराच्या देवळात एक तास, त्यातला पाऊण तास फोटोंना. मग राजवाडा, दरबार, सरफोजीराजांची तसबीर, एक दणदणीत घोषणा आणि चहा. परतीच्या वाटेवर सांबारसुद्धा मुळात आपलेच, हे गाइड सांगेल आणि आपण टाळ्या वाजवाल. त्या कथेला समकालीन कागदाचा आधार लागतो, असल्या क्षुल्लक गोष्टीवर सहलीत कोणी वेळ घालवत नाही. अर्धा देश ओलांडून आपण आपल्यालाच भेटायला चालला आहात. आमची तक्रार फक्त खर्चाची आहे. स्वतःलाच बघायचे तर आरसा स्वस्त पडतो.

धाकट्या डहाणूसारख्या मच्छीमार गावाने तंजावरविषयी बोलावे, हा आगाऊपणा वाटेल. पण पाहुणा म्हणजे काय, हे आम्हांला दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. शनिवार-रविवारी डहाणूला गाड्या भरून येतात. किनारा होतो, चिकू होतो, वारली चित्र छापलेला कप विकत घेतला जातो. त्या चित्रातल्या लग्नाच्या चौकात पालघट देवी का बसते, हे विचारणारा मात्र विरळा. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आला की काच वर जाते. दुसरे अंग आमच्या खलाशांचे. डहाणू-तलासरीची माणसे वर्षानुवर्षे गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, वेरावळ, पोरबंदर, ओख्यापर्यंत. घरात मांगेली किंवा वारली बोलणारा पोरगा हंगाम संपेपर्यंत तांडेलाशी गुजरातीत वाद घालू लागतो. त्याने मराठीपण सोडले असे कोणी म्हणत नाही. ज्या बंदरात उतरायचे त्या बंदराचे व्हावे लागते, एवढे त्याला कळते. तंजावरचे भोसलेही हेच समजून होते. ज्यांचा अभिमान आपण सोबत घेऊन निघालात, ते मोठे झाले ते तिथले झाले म्हणून. आणि आपण त्यांच्याच गावात जाऊन तिथल्या कशालाही हात लावायचा नाही, असा पण केला आहे.

पुरावा पाहा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७५च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्याआधी राज्य नायक राजांचे होते, दरबाराची भाषा तेलुगू, रयतेची तमिळ. त्यांच्या मुलाने, शहाजीराजांनी, मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ नाटक लिहिले. हे आपल्याला सांगितले जाईल. त्यांनीच तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिला, आणि ‘पंचभाषाविलास’ या एकाच नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत नांदवल्या. हे बहुधा सांगितले जाणार नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना काढून १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, ‘बालबोध मुक्तावली’ नावाने. त्याच राजांच्या धन्वंतरी महालातले वैद्यक तमिळ पद्यात बांधले गेले, आणि त्याच राजांना नायक करून तमिळ कवीने रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही नृत्यनाटिका बृहदीश्वराच्या देवळात नाचली गेली. आपले कीर्तन तिकडे गेले आणि १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथा उभी केली. त्यांच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सारे आहे. शब्द मात्र तिथल्या श्रोत्याला कळतील असे. मराठी माणसाने तिकडे जे दिले ते टिकले, कारण ते देताना त्याने घेणाऱ्याची भाषा धरली.

आता देवळाच्या भिंतीकडे वळू. १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरवला. हा लेख आपण शोधाल, त्याच्यापुढे उभे राहाल, आणि ते योग्यच आहे. पण ज्या देवळाच्या आवारात तो लेख आहे, ते पहिल्या राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केले, आणि त्याच्या जोत्यावर तमिळमध्ये जे कोरले आहे ती अभिमानाची नव्हे तर हिशेबाची भाषा आहे. एक नंदादीप तेवत ठेवायचा तर ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. त्या कोणाकडे सोपवल्या आणि त्याने रोज एक उळक्कु माप तूप देवळात पोचते करायचे, हे दगडावर लिहिले आहे. देवळात नाचणाऱ्या चारशे स्त्रिया नावानिशी, त्यांच्या घरांच्या जागांसह नोंदल्या आहेत. दागिन्यांची वजने आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्याची जबाबदारी दगडात वाचायला मिळणे हे भाग्य आहे. आपल्या कार्यक्रमात त्याला उरलेली पंधरा मिनिटे ठेवली आहेत, तीही चपला शोधण्यासकट.

आपण म्हणाल, पूर्वजांचा अभिमान बाळगण्यात गैर काय? आणि सरफोजीराजांनीच भिंतीवर वंशावळ कोरली, तर आम्ही घोषणा दिली म्हणून काय बिघडले? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तारखा जुळवून पाहा. १७९९ साली राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे किल्ला, वाडा आणि मान उरला. चार वर्षांनी वंशाची कहाणी दगडावर चढली. सत्ता गेल्यावर माणूस वंशावळ कोरतो, हे मानवी आहे. त्याला कोणी हसू नये. पण राजे तिथे थांबले नाहीत. त्यांनी नायकांच्या काळापासूनचे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही ग्रंथ आणले, तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी पोथ्या एका छताखाली ठेवल्या, युरोपातून पुस्तके मागवली. १८५५ साली गादीला पुरुष वारस नाही म्हणून संस्थान खालसा झाले. ग्रंथालय आजही उघडे आहे. अभिमान जरूर बाळगा, पण भिंतीवरच्या वंशावळीइतकाच या कपाटांचाही बाळगा. आणि कपाटांचा बाळगायचा तर त्यांतल्या परक्या लिपींकडे पाठ फिरवता येत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पोटाचा. वडीलधाऱ्यांना परका आहार सोसत नाही, हे खरे. त्यांच्या पिठल्यावर आमचा राग नाही. दोन दिवसांत भाषा येत नाही, हेही खरे. पण ‘नन्री’ म्हणजे आभार, एवढे शिकायला मुक्काम लागत नाही, आणि देवळातला वेळ एका तासाचा दोन तास करायला फक्त एक साड्यांचे दुकान गाळावे लागते. तिसरा आक्षेप जास्त कडक आहे: ते कुठे मराठी शिकतात? महाराष्ट्रात राहायला येणाऱ्याने मराठी शिकावी, हे आमचेही ठाम मत आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या दारात गेल्यावर तोच नियम स्वतःला लावावा लागतो, नाहीतर तो नियम नसून नुसता दम असतो. शिवाय तंजावरकडची मराठी घराणी तीन शतके घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलत आली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव त्यांतलेच. त्यांच्या वंशजांपैकी कोणी भेटून आपल्याशी जुन्या वळणाची मराठी बोलू लागले, तर कृपा करून ती सुधारायला जाऊ नका. ती आपल्यापेक्षा जास्त मेहनतीने राखलेली आहे.

एवढे वाचूनही बेत तोच राहिला, तर आमचे काही म्हणणे नाही. घोषणा द्या, फोटो काढा, पिठले खा आणि ‘तंजावर पाहिले’ असे सांगा. तंजावरने तेवढ्यात आपल्याला पाहून घेतलेले असेल.



आपला,
एक धाकटी डहाणूकर

ता. क. : वेळ उरलाच तर पट्टुकोट्टैच्या बाजूला समुद्रकाठचा मनोरा जरूर पाहा. आठ मजली आहे. नेपोलियनविरुद्ध इंग्रज जिंकले, या आनंदात आपल्या सरफोजीराजांनी तो १८१४ साली उभारला. तिथे घोषणा कोणाच्या नावाने द्यायची, ते बसमध्येच ठरवून घ्या.