बिनटोपीचं अंदमान

आमचे दाजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. घरातून कुणी बाहेर पडलं की ते घड्याळ बघतात, परत आलं की पुन्हा बघतात आणि मधल्या वेळेचा खुलासा मागतात. सारी हयात त्यांनी स्टँडवर गाड्या सोडण्यात काढली. स्वतः मात्र एकही चालवली नाही. शर्टाच्या खिशात पेन, चष्म्याची डबी आणि एक पितळी शिट्टी कायम असते. शिट्टी आता कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "असू द्या पाव्हणं, जागा काय घेतीया?"

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा ताईनं एका सहल कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक आणलं होतं. विमानापासून पुरणपोळीपर्यंत सगळं त्यात होतं, वर प्रत्येकी एक टोपी. दाजींनी शेवटच्या पानावरचा आकडा वाचला, पत्रकाची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. "सरकारी गाडी जातीया तितं खाजगीनं कशापायी जायचं?" त्यांचा हट्ट तर चेन्नईहून जहाजानं जायचा होता. जवळजवळ तीन दिवस समुद्रावर, बंक क्लासात, मिळेल त्या आमटीभातावर. हा ठराव ताईनं आणि माझ्या बायकोनं मिळून जागच्या जागी फेटाळला. शेवटी तह झाला. जाणं-येणं विमानानं, पण तिथं पोचल्यावर सरकारी बोट, सरकारी बस आणि भाड्याची स्कूटर. टोपी नाही.

विमानतळाला सावरकरांचं नाव आहे. शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाला अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो. सेल्युलर जेल आम्ही आधी पाहिलं, आणि त्याबद्दल इथं थट्टा नाही. कोठड्यांच्या सात लांब रांगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. तात्याराव सावरकर इथं १९११ ते १९२१ होते. त्यांच्या कोठडीबाहेर दाजींनी चपला काढल्या, आत जाऊन उभे राहिले, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

दुसऱ्या बेटांवर जायचं तर सरकारी बोटीचं तिकीट हवं, आणि तिकीट हवं तर रांग. टोपीवाल्यांना रांग नसते. त्यांची तिकिटं वातानुकूलित खासगी बोटीची, त्यांच्या मॅनेजरच्या पिशवीत असतात. आम्ही फिनिक्स बे जेट्टीवर सकाळीच जाऊन उभे राहिलो. प्रत्येकाचा अर्ज, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, प्रत्येकाचं वय. दाजी खुशीत होते. रांग म्हटली की त्यांना माहेरी आल्यासारखं वाटतं. पुढच्या माणसाचा अर्ज त्यांनी न मागता तपासून दिला.

खिडकीवर ताईनं आधी विचारून घेतलं, "बायकांना अर्धं तिकीट ना?" महाराष्ट्रात एसटीनं २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलंय, तेव्हापासून ताई जिथं तिथं अर्धेच पैसे मोजून ठेवते. कारकून म्हणाला, असं काही नाही. मग दाजी पुढं झाले. बेटांवर राहणाऱ्यांना तिकिटात घसघशीत सवलत असते, हे त्यांनी पाटीवर वाचलं होतं.

"आयलंडर कार्ड है?" कारकुनानं विचारलं.

दाजींनी एसटीचं ओळखपत्र पुढं केलं. त्यानं ते सुलटं पाहिलं, उलटं पाहिलं, अदबीनं परत दिलं आणि म्हणाला, "पूरा किराया."

तरीही खासगी बोटीच्या मानानं हे पूरा किराया प्रकरण बरंच स्वस्त पडलं. आणि एक गुपित सांगतो. बहुतेक खासगी बोटींत तुम्हाला काचेआड गार हवेत बसवतात, डेकवर फिरकू देत नाहीत, आणि काचेला खारं पाणी सुकून समुद्र पुसट दिसतो. सरकारी बोट सावकाश जाते, पण डेक तुमचा. आमच्या डेकवर कांद्याची पोती होती, एक नवाकोरा कूलर होता, बदलीवर निघालेले एक मास्तर होते, आणि पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळातून बाळ घेऊन घरी निघालेली एक बंगाली बाई होती. बाळाच्या औषधांच्या वेळा ताईनं बेट यायच्या आत पाठ केल्या. मधेच पाण्यातून चंदेरी काहीतरी उसळलं आणि लाटांवरून सरसरत दूर गेलं. ताईला वाटलं, पक्षी. मास्तर म्हणाले, उडणारे मासे. दाजी कठड्याला टेकून बराच वेळ त्यांच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "समदे विनातिकीट."

आमचं पहिलं बेट हॅवलॉक. त्याचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं जमिनी देऊन वसवलं. म्हणून अंदमानच्या रानात अचानक भातखाचरं, पोफळीच्या बागा, पुकुर म्हणजे तळी, आणि गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी गावं भेटतात. किनाऱ्यांना मात्र सगळे नंबरानंच ओळखतात. जेट्टी एक नंबरला, बाजार तीन नंबरला, स्वस्तातल्या झोपड्या पाच नंबरला आणि जगभर गाजलेला राधानगरचा किनारा सात नंबरला. हे कळल्यावर दाजींच्या चेहऱ्यावर जी शांतता पसरली ती मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती. "पाव्हणं, फलाट बरोबर लावल्यात."

आता स्कूटर. जेट्टीबाहेर पडलं की स्कूटरवाले गराडा घालतात. दाजींनी दोन स्कूटरी निवडल्या आणि तिथंच उकिडवं बसून त्यांची डेपोतली तपासणी सुरू केली. कुठं ओरखडा, कुठं पोचा, आरशाची काच, ब्रेकची पकड, सगळं डायरीत लिहून मालकाची सही घेतली. मालकानं बिचाऱ्यानं आजवर फक्त गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्या होत्या. पेट्रोलच्या टाकीत नुसता वास होता. ती नोंदही झाली.

एक स्कूटर मी घेतली. दुसरी ताईनं, कारण दाजींना चालवता येत नाही. ताई शाळेत शिकवायची तेव्हापासून तिला स्कूटरची सवय. दाजी मागं बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी ताईच्या हेल्मेटवर बोटानं दोनदा टकटक केलं. डबल बेल! म्हणजे गाडी सोडा. थांबायचं झालं की एकच टक. बेटभर हा कारभार असाच चालला. नारळपाणीवाला दिसला, टक. पाणी पिऊन झालं, टकटक. एका वळणावर रस्त्यात गाय उभी होती. तिथं इतक्या टक झाल्या की ताईनं स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि दाजींना सांगितलं, "आता तुम्ही पुढची बस पकडा." जेट्टी ते राधानगर सरकारी बस आहेच. दाजींनी हात खिशात घातले, आणि पुढचा रस्ता निमूट गेला.

राधानगरला जायचा रस्ता आधी खाचरांतून जातो, मग चढावर दाट झाडीत शिरतो आणि शेवटी प्रचंड मोठ्या झाडांच्या सावलीत सोडतो. झाडांपलीकडं पांढरीशुभ्र वाळू. 'टाइम' मासिकानं २००४ साली याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. मला मासिकांचा भरवसा नसतो, पण या बाबतीत त्यांनी कुणाची भीड ठेवली नसावी. एक गोष्ट लक्षात ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. आमच्याकडं ताई पाचला चहा टाकते आणि साडेपाचला फिरायला निघते. इथं त्या वेळेला निघणाऱ्यांना फक्त डास भेटतात. आम्ही तीनलाच पोचलो म्हणून बरं.

सूर्य पाण्याला टेकला तसा जीवरक्षकानं शिट्टी फुंकून सगळ्यांना पाण्याबाहेर काढायला सुरुवात केली. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यामुळं या शिट्टीशी वाद घालायचा नसतो. दाजींचा हात आपसूक खिशाकडं गेला. ताईनं नुसतं बघितलं. हात परत आला.

नील बेटाबद्दल फार लिहीत नाही. ते इतकं लहान आहे की स्कूटरचं दिवसाचं भाडं वसूल करायला दाजींनी आम्हाला त्याच रस्त्यांवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. किनारे रामनगर, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. शत्रुघ्नाची सोय इथंही झालेली नाही. लक्ष्मणपूरला दगडाची एक नैसर्गिक कमान आहे, तिला इथले बंगाली हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटीच्या वेळीच तिथवर जाता येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिनिटाबरहुकूम पाळलं जातं, हे बघून दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या खात्याचं कौतुक केलं.

जेवणाचं म्हणाल तर बाजारातल्या भाताच्या हॉटेलात जा. स्टीलच्या ताटात भाताचा डोंगर, डाळ, वांग्याचे काप, सुरमईचा रस्सा. भात संपला की न विचारता पुन्हा. ताईनं दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरून रश्श्यात मोहरी कधी वाटून घालतात ते विचारून घेतलं.

सगळ्यात शेवटी बस. पोर्ट ब्लेअरच्या मोहनपुरा स्टँडवरून पहाटेच्या अंधारात रंगतकडं बस सुटते, ती आम्हाला बाराटांग बेटावर सोडणार होती. बस वेळेवर सुटली. दाजींनी घड्याळ पाहिलं, मान डोलावली आणि खिडकीशी बसले. जिरकाटांगला सगळ्या गाड्या थांबवतात, मग ठरल्या वेळेला पोलिसांच्या देखरेखीत ताफ्यानं पुढं सोडतात, कारण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही. हा रस्ता इथं बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलं होतं. तो आजही चालू आहे, आणि त्यावरून आपणही गेलो याची टोचणी राहते. पुढच्या बाकावरच्या पोरानं मोबाइल खिडकीला लावला तसे दाजी उठले. "फोन पिशवीत घाल. ही लोकांची घरं हायती. गाडीच्या खिडकीतनं कुणाच्या घरात बगायचं नसतं." पोराला मराठी येत नव्हतं. फोन पिशवीत गेला.

जंगल संपलं की मिडल स्ट्रेटची खाडी आडवी येते. पूल नाही. बस बोटीवर चढते! दाजींना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. आम्ही खाली उतरलो. बस मागं घेत बोटीवर चढवायची होती. मागं टोपीवाल्यांच्या टॅक्स्यांची रांग लागलेली, बोटीवरचा माणूस हात हलवत ओरडतोय, इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही, आणि मागचं चाक फळीच्या कडेकडं सरकतंय. मी ताईकडं पाहिलं. ताई म्हणाली, "जावा आता."

शिट्टी बाहेर आली. दाजी बसच्या मागं, आरशात दिसेल अशा बरोबर जागी उभे राहिले. दोन आखूड, एक लांब. डावा हात वर. "येऊ द्या… येऊ द्या… डाव्या अंगाला… येऊ द्या… बास!" बस फळीवरून बोटीत शिरली आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, दाजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आप कौन सा डिपो?"

"सातारा."

सातारा रंगतच्या अलीकडचंच गाव असावं, अशी त्यानं मान हलवली आणि विडी पुढं केली. तेवढ्यात पिवळ्या टोप्यांतून एक काकू पुढं आल्या. बोलणं पक्कं पुण्याचं, पण दाजींशी हिंदीत. "भैया, हमारा बस कब आएगा?"

"रांगेत उभ्या राहा," दाजी म्हणाले, "नंबर परमाणं सोडणार."

आणि खरंच, ती सगळी पिवळी माणसं रांगेत उभी राहिली.

बाराटांगच्या मडव्होल्कॅनोबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ज्वालामुखी म्हणून लाकडी पायऱ्या चढून वर गेलो, तर करड्या चिखलाचं एक डबकं, त्यात अधूनमधून एक बुडबुडा. टॅक्सी करून आलेला एक गट त्यावर बराच हिरमुसला होता. आमचं दुःख त्यांच्यापेक्षा स्वस्तातलं होतं. खारफुटीतून होडीनं चुनखडीच्या गुहांकडं जायची वाट मात्र सुरेख आहे, ती चुकवू नका.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते मार्चमध्ये जा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि तुम्ही अडकलात त्या बेटाचे आयलंडर होता, सवलतीशिवाय. ओळखपत्राच्या भरपूर प्रती न्या. रोख पैसे जवळ ठेवा, फोनवरून पैसे जातीलच याची खात्री लहान बेटांवर धरू नका. आणि किनाऱ्यावरून शिंपले, प्रवाळ, वाळू काहीही पिशवीत घालू नका. ते बेकायदा आहे, विमानतळावर सापडतं आणि सगळ्यांच्या देखत काढून घेतात. वाळूचा फारच सोस असेल तर आपल्याकडच्या नद्यांत अजून थोडी शिल्लक आहे. ती रात्री ट्रॅक्टरनं जाते.