न घेतलेल्या मालाची वही

चाकणच्या कारखान्यात प्लॅनिंगला असलेला माणूस दिवसभर एकच जप करतो : माल लागेल तेव्हाच आणायचा, लागेल तेवढाच आणायचा, स्टोअरमध्ये काही पडून राहता कामा नये. बंपरची गाडी दोन तास आधी गेटवर आली तरी सप्लायरला फोन जातो. हाच गृहस्थ संध्याकाळी कंपनीच्या बसमधून कोकणे चौकात उतरतो, रहाटणीतल्या फ्लॅटवर येतो, जेवतो आणि लॅपटॉप उघडतो. तिथे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून त्याने विकत घेतलेले आणि एकदाही न उघडलेले गेम असे रचून ठेवलेले असतात, की ऑडिटरने बघितले तर नोकरी जाईल. या डेड स्टॉकवर त्याने उपाय काय शोधला? आणखी काय काय घ्यायचं आहे, त्याची यादी केली.

यादी अर्थातच एक्सेलमध्ये. गेमचं नाव, मूळ किंमत, आजची किंमत, आजवरची सगळ्यात खालची किंमत (ही स्टीमडीबीवरून उचललेली) आणि शेवटी शेरा. किंमत तळाला टेकली की रकाना आपोआप हिरवा होतो. शेऱ्यांत खरं वाङ्मय आहे. 'बोनस झाल्यावर'. 'ग्राफिक कार्ड बदलल्यावर'. 'बाळ रात्री झोपायला लागल्यावर'. ते बाळ आता नर्सरीत जातं. अजून झोपत नाही.

वडील गावाहून आले होते. पोरगा तासभर पडद्याकडे बघतोय, हाताला काही चाळा नाही, हे त्यांना खटकलं.

"खेळतोयस ना रे?"

"नाही बाबा, किंमत बघतोय."

"घ्यायचंय का मग?"

"आत्ता नाही."

बाबा उठून गॅलरीत गेले. बरोबरच आहे. गेम खेळणारा मुलगा त्यांनी कसाबसा पचवला असता, गेमच्या किमती खेळणारा कुठल्या खात्यात टाकायचा?

आता एक्सेल निदान स्वतःची तरी आहे. बहुतेक मंडळी यादी दुकानातच ठेवतात, विशलिस्टच्या बटणावर. वाणी पूर्वी वही ठेवायचा ती नेलेल्या मालाची. हे दुकान न नेलेल्या मालाची वही ठेवतं, आणि ती लिहायला गिऱ्हाईकच बसवलंय, बिनपगारी. किती जणांनी आपला गेम यादीत टाकलाय तो आकडा बनवणाऱ्याला दिसतो. येऊ घातलेल्या गेममध्ये कोणाला पुढच्या फळीवर मांडायचं, तेही त्याच आकड्यांवर ठरतं. पुढे किमान 20 टक्के सूट लागली की यादीतल्या प्रत्येकाला मेल. तुम्ही 'नंतर बघू' म्हणालात याची त्यांच्याकडे लेखी नोंद आहे. आपल्याकडे पैसे नाहीत हे वाण्याला ठाऊक असायचं, आपल्याला इच्छा आहे हे यांना ठाऊक असतं. महागात हेच पडतं.

आणि मुहूर्त तरी कसा साधतात! स्टीमचा समर सेल जूनअखेरीला सुरू होतो. शाळेची फी, वह्या, छत्र्या, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं उरकून खात्यात जे उरतं, त्याला नेमकी तेव्हाच 75 टक्के सूट दिसते. 2015पासून किमती रुपयांत आल्या आहेत, त्यामुळे डॉलरचा गुणाकार करताना जी थोडी शुद्ध यायची तीही गेली.

काहींच्या यादीत तर अजून न बनलेलाच माल असतो. जीटीए 6 या गेमचा पहिला ट्रेलर डिसेंबर 2023चा. आधी 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. पझेशनच्या तारखा ऐकून कान किटलेल्या रहाटणीकरांना यात नवल वाटत नाही. इथे निदान प्री-ईएमआय भरावा लागत नाही. 'सिल्कसाँग' नावाचा गेम 2019मध्ये जाहीर झाला आणि 4 सप्टेंबर 2025ला आला. त्या दिवशी गर्दीने स्टीमचं दुकानच आडवं झालं. साडेसहा वर्षं वाट बघितलेल्यांतही असे महाभाग आहेत, जे म्हणाले, डिसेंबरच्या सेलला घेऊ.

जवळचं उदाहरण सांगायचं तर 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. गेम पुण्याचा, नॉडिंग हेड्स गेम्सचा. 2017मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. 2020मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून बसला. पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या आमच्या प्लॅनिंगवाल्याला वेगळं सांगायला नको. 'राजी' त्याच्या यादीत आहे. शेरा : 'अजून पडेल'.

फुकटचा मामला आणखी निराळा. गुरुवार हा आपल्याकडचा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, भोसरीतल्या कितीतरी शेडचा सुट्टीचाही. त्याच रात्री एपिक हे गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान फुकट गेम वाटतं. टाळेबंदीत, मे 2020मधल्या एका गुरुवारी तिथे जीटीए 5 फुकट निघाला आणि साइटच बसली. तेव्हापासून गुरुवार पाळणारे बरेच झाले. व्रताच्या गुरुवारांना असते तशी यांना कथा नाही, उद्यापन नाही. बटण दाबायचं, गेम खात्यात पडतो, तिथेच राहतो.

बरं, इतकं करून घेतलाच, तरी हाती काय येतं? लायसन्स. हे स्टीम आता पैसे भरायच्या पानावर स्वच्छ लिहितं, कॅलिफोर्नियाच्या कायद्याची कृपा. निम्मी रहाटणी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहते, तेव्हा करार समजायला वकील नको. घरमालक निदान डिपॉझिट परत देतो, रंगकामाचे कापून. स्टीमही परत देतं, पण पैसे 14 दिवसांत मागायचे आणि गेम 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे. दोन तासांची अट आमच्या मंडळींनी कधीच मोडलेली नाही. 14 दिवस मात्र डाउनलोड करायच्या आतच संपतात.