मुलुंडचं पाणी शेणव्याला

शहापूर तालुक्यात पाण्याचा विषय काढायचा असेल तर घरी सांगून निघावं, परतायला उशीर होतो. तानसा धरण 1892 सालचं, त्यामुळे पाण्यावर बोलण्याचा आमचा अनुभव सव्वाशे वर्षांहून जुना. पुढे मोडकसागर झालं, भातसा झालं, मध्य वैतरणा झालं. शेणव्याच्या नाक्यावर चहा पिणारा कोणीही भातसाची पातळी, उघडलेले दरवाजे आणि तेवढं पाणी मुंबईला किती दिवस पुरेल हे तोंडपाठ सांगतो. घरच्या पिंपात किती आहे ते मात्र त्याला बायकोला विचारावं लागतं. मुंबईला पाणी पाजणारा तालुका ही आमची ख्याती, आणि एप्रिल लागला की याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकरच्या वाटेकडे तोंड करून हंडे रांगेत बसतात. दोन्ही बातम्या पेपरात एकाच पानावर येतात. वाचणाऱ्याला आता त्याचं काही वाटत नाही.

अशा गावी माझ्या साडूंनी स्विमिंग पूल बांधला.

साडू मुलुंडचे. समृद्धी महामार्गाचं काम चालू असतानाच त्यांनी इकडे जागा घेऊन ठेवली होती. 2025 च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आमच्या प्रत्येक माळरानाला एकदम 'व्ह्यू' आला. एजंटने साडूंना जे चित्र दाखवलं होतं त्यात बंगला होता, हिरवळ होती, बंगल्यापुढे निळा पूल होता, आणि त्या पूलमध्ये पाणीही होतं. करारपत्रात पहिल्या तीन गोष्टींचा उल्लेख होता.

पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटरला थोडा कमी खोल. म्हणजे 1.2. गुणाकार केला तर 38 हजार 400 लिटर. निळ्या फरशा बसल्या, उतरायला स्टीलची शिडी लागली, बाजूला दोन आरामखुर्च्या आल्या. मार्च संपत आला होता आणि मेमध्ये नातवाचा वाढदिवस पूलमध्ये करायचं ठरलं होतं. साडूंनी मला फोन केला. "तुम्ही तिथलेच आहात. भरायची काहीतरी स्वस्तातली सोय बघा."

तिथलं असणं एवढ्या पात्रतेवर मी समिती झालो. 

पहिला विचार साहजिकच ग्रामपंचायतीच्या नळाचा, कारण तो विचार करायला पैसे पडत नाहीत. बंगल्याच्या नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. धार चांगली असली तर तासाला सहाशे लिटर. साडूंनी कॅल्क्युलेटर काढून 64 वेळा पाणी आलं की झालं, असं जाहीर केलं. त्यांनी सूर्याला धरलं नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला पाच मिलिमीटर तरी उडून जातं. 32 चौरस मीटरच्या हौदातून ते 160 लिटर होतं. म्हणजे दोन दिवसांनी नळ सहाशे देणार, त्यातले 320 सूर्य पिणार, साडूंच्या वाट्याला 280 उरणार. या हिशेबाने पूल भरायला नऊ महिने नऊ दिवस नव्हे, पण नऊ महिने नक्की लागतात. माझी मेहुणी म्हणाली, "तोवर दुसरा नातू होईल." शिवाय जल जीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला 55 लिटरचा. त्यात पोहणाऱ्याची वेगळी तरतूद नाही. साडूंचा पूल म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचं साडेचार महिन्यांचं पाणी. हा आकडा ग्रामसभेत कोणी मांडायच्या आत आम्ही नळाचा विषय मिटवला.

मग बोअर. त्यासाठी आधी पाणाडी बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा धरून प्लॉटभर फिरला. नारळ तीन ठिकाणी उभा राहिला, त्यातलं एक ठिकाण बंगल्याच्या हॉलमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी साडूंनी मुंबईहून एक शास्त्रीय माणूस आणला. त्याच्याकडे यंत्र होतं, वायरी होत्या आणि जमिनीत ठोकायच्या सळया होत्या. तोही हॉलकडे बघून विचारात पडला. आमच्या पायाखाली सगळा काळा पाषाण. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस त्याच्या अंगावर पडतो आणि उतारावरून नदीला लागतो. खडकाला भेगा असतील तेवढंच पाणी मुरतं, म्हणून श्रावणात काठोकाठ असलेली विहीर होळीला तळ दाखवते. बोअर मारली तर फुटाला पैसे मोजायचे आणि वर काय येईल ते पाहायचं. शेजारच्या प्लॉटवाल्याने मारली होती. पांढरी धूळ इतकी उडाली की त्याच्या गाडीला आठवडाभर वेगळा रंग होता. साडूंनी ती गाडी पाहिली आणि विषय आपणहून बदलला.

विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे, हे मी त्यांना सांगून ठेवलं. विहिरीतून एवढं पाणी उपसायला एक अश्वशक्तीच्या पंपाला दहा-पंधरा युनिटं पुष्कळ झाली. विहिरीत पाणी हवं, एवढीच त्यातली अट.

उरला टँकर. शेजारच्या गावच्या टँकरवाल्याला फोन लावून दर विचारला, तर त्याने तारीख विचारली. आमच्याकडे टँकरचा दर पाऱ्याबरोबर चढतो. मार्चचा एक, एप्रिलचा दुसरा आणि मेचा दर तो फोनवर सांगत नाही, समोर येऊन सांगतो. साडूंनी घासाघीस केली. मुलुंडला भाजीवाल्याशी करतात तशी केली, आणि गडी चक्क थोडा उतरला. दहा हजार लिटरच्या चार खेपा ठरल्या.

"पण रात्री आणीन," तो म्हणाला.

"रात्री कशाला? दिवसा आणा की."

"दिवसा पाड्यावरून यावं लागतं, साहेब. बाया टँकर थांबवून विचारतात, कुणाकडं चाललाय. त्यांना काय सांगू, हौदाकडं?"

ताई, म्हणजे माझी मेहुणी, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी बशा ठेवल्या आणि साडूंकडे पाहून म्हणाल्या, "तसलं पाणी आलं तर मी त्यात पायसुद्धा बुडवणार नाही. आणि तुम्ही बुडवलात तर तुमचं तुम्ही जेवायचं बघा." टँकर रद्द झाला. माझ्या समितीच्या कामकाजात एवढा एकच ठराव एकमताने झाला.

यानंतर साडूंनी जो प्रस्ताव मांडला तो त्या माणसाच्या हुशारीचा कळस होता, आणि मी तो आजही चेष्टेवारी नेत नाही. मुलुंडला त्यांच्या इमारतीला जे पाणी येतं ते आमच्याच भागातलं. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिशाला जातं, तिथे पंप लावून उचलतात, पांजरापूरला आणि भांडुपला शुद्ध करतात आणि मग मुंबईच्या नळांना. भांडुप म्हणजे साडूंच्या गॅलरीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. भातसा भरलं की त्यातून मुंबईसाठी सात लाख 17 हजार दशलक्ष लिटर मिळतं. मी आकडा साडूंच्या पूलने भागला, तर एक कोटी 86 लाख पूल झाले. मुंबई रोज साधारण 3,900 दशलक्ष लिटर पिते, म्हणजे असे एक लाख पूल दररोज, रविवारी सुट्टी न घेता. आणि एवढं सगळं करून महापालिका घरगुती पाण्याला हजार लिटरमागे सहा-सात रुपयांच्या घरात दर लावते. साडूंचा अख्खा पूल मुलुंडच्या नळावर अडीचशे रुपयांत भरतो. अडीचशे! त्यात शेणव्याला टँकरवाला हॉर्नही वाजवणार नाही.

"म्हणजे स्वस्तातलं पाणी मुलुंडला आहे," साडू म्हणाले.

"आहे. पण ते इथूनच गेलेलं आहे."

"गेलं तसं येईल. शनिवार-रविवारी आम्ही रिकामी गाडी घेऊनच येतो ना?"

वीस लिटरच्या कॅनने हिशेब केला तर 1,920 कॅन झाले. गाडीत दहा बसतात, मागच्या सीटवर ताई नसतील तर पंधरा. भातशाचं पाणी पाईपने मुंबईला जायचं आणि टोल भरून डिकीतून शेणव्याला परत यायचं, एवढा मोठा न्याय या तालुक्याला कोणत्याही सरकारने दिलेला नाही. पण पेट्रोलचा हिशेब निघाला आणि न्याय परवडेना. साडू हरणाऱ्यातले नव्हेत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, हे त्यांना आठवलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. "आपल्याला तेराव्या हिश्श्याएवढंच हवंय," ते म्हणाले, "एक वाघीणसुद्धा पुरी लागणार नाही. आसनगावला लोकल येतेच की." लातूरला तेव्हा लोक तहानलेले होते, असं मी म्हणालो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी गप्प बसलो.

भाच्याचाही व्हिडिओ कॉल येऊन गेला. तो अमेरिकेत, लास वेगासला. तिकडे तर वाळवंटच. तिथल्या क्लार्क काउंटीत 2022 पासून नव्या घरगुती पूलला 600 चौरस फुटांची मर्यादा आहे. आपला पूल साडेतीनशेच्या आत, तेव्हा लास वेगासच्या कायद्यातही आपण बसतो, याचा साडूंना इतका आनंद झाला की त्या रात्री त्यांनी कोरड्या पूलमध्ये गाद्या टाकल्या. झोप छान लागते तिथे. खाली फरशी गार आणि वारा डोक्यावरून जातो. नातवाचा वाढदिवसही त्यातच झाला. शिडीवरून उतरून मुलं आत आली, फुगे फुटले, केक कापला, आणि कोणीही बुडण्याची भीती नसल्याने आया निवांत गप्पा मारत बसल्या. इतका सुरक्षित स्विमिंग पूल ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल.

तोडगा शेवटी शेजारच्या आजींनी काढला. त्यांची गाय पूलच्या कडेपर्यंत चरत आली होती. आजी खाली वाकून बघत म्हणाल्या, "एवढा हौद केलाय तर उघडा ठेवा ना. जुलै यायचाय."

आम्ही सुशिक्षित असल्याने हे गणित कोणी केलंच नव्हतं. अडीच मीटर पाऊस पडणाऱ्या गावात 1.2 मीटरचा खड्डा आभाळ एकटं दोनदा भरतं. त्यात बंगल्याचं शंभर चौरस मीटरचं छप्पर. पन्हाळ लावून छपराचं पाणी पूलमध्ये सोडलं, थोडं इकडेतिकडे वाया गेलं असं धरलं, तरी एका मिलिमीटर पावसाला 112 लिटर जमा होतात. साडेतीनशे मिलिमीटरला पूल काठोकाठ. पहिल्या सरींत छपराची धूळ आणि पाखरांची घाण उतरते, ती तेवढी बाहेर सोडायची. खर्च काय तो पन्हाळीचा आणि पाईपाचा.

जून सरता सरता पूल भरला. जुलैत तो भरतच राहिला आणि साडू मुलुंडहून फोन करून पाणी उपसायला पंप मिळेल का विचारू लागले. 

पोहायला मात्र कोणी उतरलं नाही. वरून पाऊस, खालून पाऊस, अंगावर गार वारा. पाहुणे यायचे, पूलकडे बघून छान म्हणायचे आणि माळशेजच्या धबधब्याखाली भिजायला निघून जायचे. पूलमध्ये राहिले ते बेडूक. आरोग्य केंद्राची ताई येऊन साचलेलं पाणी पाहून गेली आणि डासांसाठी गप्पी मासे सोडा म्हणाली. साडूंनी क्लोरीन आणून ठेवलं होतं. क्लोरीन टाकलं तर गप्पी जगत नाहीत आणि गप्पी सोडले तर क्लोरीन टाकता येत नाही, या पेचात श्रावण गेला.

खरी परीक्षा पुढेच होती. ऑक्टोबर ते मेअखेर आठ महिने. रोजचे पाच मिलिमीटर धरले तर होतात 1.2 मीटर, म्हणजे थेट आमच्या पूलची खोली. सूर्याने जणू नकाशा बघून माप घेतलं होतं. म्हणून दसऱ्याला पूल धुऊनपुसून, गाळून, क्लोरीन टाकून त्यावर ताडपत्री ओढली. साडूंनी फिल्टरवर खर्च केला आणि तो वसूल होतो, हे मी इतर फार्महाऊसवाल्यांना हक्काने सांगतो. आमच्या बाजूला भाड्याने द्यायचे बंगले कितीतरी आहेत. फिल्टर नाही, म्हणून काही जण पाहुण्यांची टोळी गेली की सगळं पाणी ओढ्याला सोडतात आणि पुढच्या टोळीसाठी पुन्हा टँकर बोलावतात. आणि मग पाणी महाग झालं म्हणतात. गाळून वापरलेलं तेच पाणी वर्षभर चालतं. फार तर उडालेलं तेवढं वर टाकायचं.

एप्रिलमध्ये ताडपत्री काढली तेव्हा पूलमध्ये कमरेइतकं पाणी होतं, स्वच्छ, निळं. साडू चड्डीवर शिडीशी उभे होते. तेवढ्यात फाटकाशी टँकर थांबला. गेल्या वर्षीचाच टँकरवाला. तो आत आला, पाण्यात हात घातला, चार थेंब बोटांवर चोळून पाहिले.

"देताय का, साहेब? विहिरी आटल्यात. बांधकामाला पाहिजे, प्यायला नाही."

साडूंच्या चेहऱ्यावर मुलुंडचा भाजीबाजार उतरला. पुढे होऊन त्यांनी विचारलं, "दर काय देणार? एप्रिलचा लागेल."

"एप्रिलचा ताज्या पाण्याला, साहेब. हे तर गेल्या जुलैचं."