सोसायटीचा सेक्रेटरी: चैत्र ते ज्येष्ठ

सोसायटीचा सेक्रेटरी बारमाही असला, तरी त्याला खरा बहर येतो तो उन्हाळ्यात. एरवी तो मेंटेनन्सच्या पावत्या फाडतो, लिफ्टवाल्याला फोन लावतो आणि जिन्यात भेटणाऱ्यांना चुकवतो. मार्चअखेर हिशेबाचे वर्ष संपते. मग परीक्षा आटोपतात, नळाचे पाणी आटते, गच्चीवर वाळवणे चढतात, पार्किंगमध्ये क्रिकेट सुरू होते. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर नोटीस काढता येते, आणि सेक्रेटरीला ऋतू कळतो तो नोटिशीवरूनच.

कागदोपत्री तो ‘मानद सचिव’ असतो. मानद म्हणजे बिनपगारी. त्याचा आधारग्रंथ महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. राज्य ज्या साली झाले तेच साल कायद्याच्या नावात आल्यामुळे दोन्हींचा कारभार आपल्यावरच आहे असे त्याला अधूनमधून वाटते. पुण्यात बरीच संकुले सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची कंडोमिनियम असतात. तिथे भागपत्र नसते, डीड ऑफ अपार्टमेंट असते, आणि या फरकावर दोन जाणकार माणसे रात्री अकरापर्यंत जिन्यात उभी राहू शकतात. सेक्रेटरी मात्र दोन्हीकडे एकाच वाणाचा निपजतो. वाण जुना आहे. मुंबईत गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची, म्हणजे या जातीने शंभरी केव्हाच ओलांडली. एवढ्या काळात उत्क्रांती झाली ती फळ्याच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आला एवढीच.

तो निवडून येतो असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात अध्यक्षपदाला दोघे उत्सुक असतात, खजिनदारपदाला बँकेतून निवृत्त झालेले कुणीतरी सापडते, आणि सेक्रेटरीपदाचा विषय निघाला की सगळी सभा चपला शोधू लागते. त्या शांततेत ज्याला खोकला येतो तो सेक्रेटरी होतो. कमिटीची मुदत पाच वर्षांची. खोकला तेवढ्या मुदतीचा धरावा. बाईमाणूस सेक्रेटरी झाल्यास पाण्याचे वेळापत्रक पाळले जाते असा अनुभव आहे. बहुधा म्हणूनच बायकांना सांस्कृतिक समिती देतात.

ओळखायला तो सोपा. वय साठीच्या पुढे, नोकरी सरकारी किंवा निमसरकारी आणि टिपणे लिहिण्यात गेलेली. खाली बर्म्युडा, वर ऑफिसच्या काळातला पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेने आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यात पंपघर, मीटर रूम, क्लब हाऊस, गच्ची अशा किल्ल्या असतात, आणि एक किल्ली कशाची ते कुणालाच ठाऊक नसते. ती मागच्या सेक्रेटरीने दिलेली असते, आणि त्याला त्याच्या मागच्याने. ती फेकायची तर कमिटीत ठराव लागेल, म्हणून ती राहते.

त्याची सत्ता नोटिशीत असते. दुसरे शस्त्र त्याच्याकडे नाही. तो कुणाला दंड करू शकत नाही, कुणाला ओरडला तर ते लोक ‘काका, जरा बीपी सांभाळा’ म्हणतात. त्यामुळे सारा जोर भाषेवर. नोटीस ‘सर्व सभासदांना विनंतीवजा सूचना देण्यात येते की’ अशी सुरू होते, ‘याची कृपया गंभीर नोंद घ्यावी’ अशी संपते, आणि मध्ये ‘काही सभासद’ नावाचे पात्र वावरते. ‘काही सभासदांकडून कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यावरील वाळत टाकलेल्या कपड्यांचा विचार केला जात नाही.’ हे काही सभासद म्हणजे तीनशे दोन. दोनशे दोनला ते माहीत असते, वॉचमनला माहीत असते, तीनशे दोनलाही माहीत असते. म्हणूनच ग्रुपवर नोटिशीला पहिला अंगठा तीनशे दोनचा पडतो आणि खाली लिहिलेले असते, ‘अगदी योग्य मुद्दा, सेक्रेटरीसाहेब.’

उन्हाळ्यातल्या नोटिशींचा मुख्य विषय पाणी. इथे सेक्रेटरी जलतज्ज्ञ होतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या आसपास. आज त्यांत किती टक्के उरले, गेल्या वर्षी याच तारखेला किती होते, हे तो झोपेतही सांगू शकतो. इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत किती आहे हे मात्र वॉचमनला काठी घालून बघावे लागते. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे म्हणजे बहुतेक गुरुवारीच, आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ हे त्या बातमीचे ठरलेले शेपूट. सेक्रेटरी बुधवारी रात्री ती ग्रुपवर टाकतो. मग अठ्ठावीस बिऱ्हाडे एकाच वेळी बादल्या, पिंपे, कुकर, शक्य तेथे फुलदाण्याही भरून ठेवतात, आणि गुरुवारचे पाणी बुधवारी रात्रीच संपते.

नंतर टँकर येतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते, हे नियोजनाचे माप सेक्रेटरीला पाठ असते. अठ्ठावीस घरे, घरी चार माणसे, म्हणजे दिवसाला पंधरा हजार लिटरच्या वर. टँकर दहा हजारांचा. एक पुरत नाही आणि दोन आणले की पाच हजार कुणाचे, यावर वाद होतो. ‘आमच्याकडे दोघेच असतो, आम्ही चौघांचे पैसे का भरायचे?’ असे पहिल्या मजल्यावरचे आजोबा विचारतात. त्यांच्याकडे मे महिन्यात दोन मुली, दोन जावई आणि पाच नातवंडे आलेली असतात, हा मुद्दा सेक्रेटरी मनात ठेवतो. तोंडी एवढेच म्हणतो, ‘काका, जनरल बॉडीत घेऊ.’ जनरल बॉडीत घेऊ म्हणजे आता बोलू नका.

टँकरचा पाइप लागला की तो स्वतः खाली उतरतो. एका हातात वही, दुसऱ्यात मोबाइल. टँकरचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहितो; झाकण उघडून आत डोकावतो; मूठभर पाणी उचलून वास घेतो. वासावरून त्याला काय कळते ते सांगता येत नाही, पण टँकरवाला तेवढा वेळ गंभीर उभा राहतो आणि पाइप काढताना शेवटचे पाणी रस्त्यावर न सोडता टाकीत निथळू देतो. सेक्रेटरीचा हा खरा विजय. तो कुठल्याही नोटिशीत येत नाही.

पाण्यानंतर गच्ची. गच्ची सामाईक, म्हणजे सगळ्यांची. सगळ्यांची म्हणून तिला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरीकडे. एरवी ती मागायला कुणी येत नाही; चैत्र लागला की येतात. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आजी तीन दिवस पाणी बदलत गहू भिजवतात, वाटून त्याचा चीक काढतात, पहाटे तो हिंग-मीठ घालून शिजवतात, आणि सोऱ्यात भरून सात वाजता गच्चीच्या दाराशी उभ्या राहतात. चीक गरम असतानाच कुरडई पडली पाहिजे, नाहीतर तुटते. सेक्रेटरी प्राणायाम करत असतो. या परिस्थितीत नियम काही कामाचे नाहीत आणि तो बनियनवरच किल्ली घेऊन वर धावतो.

वरवर साधी दिसणारी ही घटना त्याला फार महागात पडते. गेल्याच वर्षी गच्चीला केमिकल कोटिंग केलेले असते, आणि कंत्राटदाराची गॅरंटी गच्चीवर कुणी चालले नाही तरच टिकणारी असते. गच्ची चालण्यासाठी नाही हे कंत्राटदार सोडून कुणालाच पटत नाही. आजींच्या कुरडया बघून पाचशे एक साबुदाण्याच्या पापड्या आणते, चारशे तीन सांडगे, आणि दुपारपर्यंत कोटिंगवर जुनी पातळे, प्लॅस्टिकचे कागद, चार कोपऱ्यांना विटा आणि कावळे हाकायला बसवलेला एक नातू असे दृश्य तयार होते. संध्याकाळी नोटीस लागते: ‘गच्चीचा वापर पूर्वपरवानगीशिवाय करू नये.’ त्याच संध्याकाळी आजींकडून ओल्या चिकाची वाटी येते, वर तेल सोडलेली. परवानगी कशी मागायची, याचा नमुना अर्ज कुणीही मागत नाही.

मुलांचा प्रश्न त्यामानाने सोपा. शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी तीन स्टंपांच्या रुंदीची असल्याने तिचा उपयोग ठरलेला. पार्किंगमधल्या क्रिकेटला उपविधींपेक्षा काटेकोर नियम असतात: वन टप्पा आउट, तळमजल्याच्या बाल्कनीत गेला तर आउट, सेक्रेटरीच्या गाडीला लागला तर बॅट्समन आउट आणि बोलरची ओव्हर संपली. शेवटचा नियम त्याला न विचारता केलेला असतो, तरी तो कळल्यापासून त्याचा राग निम्मा होतो. आठवडाभराचे शिबिर तोच भरवतो: सकाळी श्लोक, मग मातीकाम, मग कुणीतरी निवृत्त प्राध्यापक आकाशातले तारे भरदुपारी समजावून सांगतात. मुले पन्ह्यासाठी येतात. १ मेच्या झेंडावंदनाला मात्र मुलेही नसतात. सेक्रेटरी, अध्यक्ष, वॉचमन, आणि दूध आणायला निघालेले म्हणून अडकलेले दोघे, एवढ्यांवर महाराष्ट्र दिन साजरा होतो.

आंब्याविषयी थोडक्यात. प्रत्येक सेक्रेटरीचा एक साडू किंवा मेहुणा देवगडला असतो आणि त्याची बाग असते. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तो पेटी उघडताना जास्तच ताठ उभा राहतो. पस्तीस पेट्या येतात, पार्किंगमध्ये गवत सांडते, आणि ते ओल्या कचऱ्यात टाकायचे की सुक्या, यावर कचरा वेचणारी ताई आणि कमिटी यांच्यात मतभेद होतात. आंबा गोड निघाला तर देवगडचा. एक नासका निघाला तर सेक्रेटरीचा.

सुटीत निम्मी इमारत गावाला जाते आणि जाताना आपापल्या चाव्या सेक्रेटरीकडे टाकते. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिळ्यांवर सहा-सात घरे लटकलेली असतात. एकाची तुळस, एकाचे मासे, एकाचा गॅसचा नंबर. पाणी बंद असताना उघडी राहिलेली तोटी पाणी आल्यावर कुणाच्या घरात वाहते आहे, हे खालच्या छताचा ओघळ बघून तोच ओळखतो. बंद घरात शिरून तोटी बंद करणे, फडक्याने पुसणे, आणि मालक परतल्यावर ‘आमच्याकडे कुणी आले होते का?’ हे ऐकून घेणे, ही कामे उपविधींत नाहीत.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर त्याचा चेहरा बदलतो. पावसाळीपूर्व कामे मेमध्येच उरकायची असतात: टाक्या धुणे, गटाराच्या जाळ्या साफ करणे, गच्चीचे पाणी वाहून नेणारे पाइप मोकळे करणे. त्यांतून दरवर्षी एक चेंडू, दोन कपड्यांचे चिमटे आणि एखादी वाळलेली कुरडई निघते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेलीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. सेक्रेटरी हे वाचून दाखवतो तेव्हा सगळे माना डोलावतात. खर्च वाचून दाखवतो तेव्हा इमारत एकदम मजबूत वाटू लागते. झाडांच्या फांद्या छाटायला महापालिकेची परवानगी लागते. तिचा अर्ज तो वेळेवर लिहितो, पण गुलमोहराची कोणती फांदी, यावर पहिल्या मजल्याला सावली हवी असते आणि तिसऱ्याला उजेड.

जूनमध्ये शाळा उघडतात, गच्चीला कुलूप लागते, आणि कोटिंग केलेल्या त्याच गच्चीतून वरच्या मजल्याच्या हॉलमध्ये पहिला थेंब पडतो. तो थेंब कुरडयांनी पडला की कंत्राटदाराने, यावर चर्चा पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत चालते. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तीही चौदा पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. ही नोटीस त्याची वर्षातली सर्वांत सुबक, विषय क्रमांकांसह. तिच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ असते, आणि तिथे तो राजीनामा मांडतो. पत्र टाइप केलेलेच असते, तारीख तेवढी बदलायची. तोवर वडे संपलेले असतात आणि उरलेले सभासद एकमुखाने ‘छे छे, तुमच्याशिवाय कोण?’ म्हणतात. पदाधिकाऱ्याने राजीनामा सभेत मांडायचा नसतो, अध्यक्षांकडे लेखी द्यायचा असतो. उपविधी पाठ असलेल्या सेक्रेटरीला हे सभेतल्या कुणाहीपेक्षा चांगले माहीत असते.