कारखाना रोडवरचं पांढरं लॉन

आवं वैनी, जरा इकडं तारेपाशी या की. त्या कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्याचं लॉन बघितलंसा का सकाळी? परवापतूर हिरवंगार हुतं, आता दह्यात बुडवून काढल्यागत पांढरं झालंय. बाई म्हणती केवडा पडलाय, फेरस मारू का? म्हटलं बाई, केवडा लोह कमी पडल्यावर येतोय. तुमच्याकडं कमी काय पडलं न्हाई, जास्त झालंय!

पोरानं औषध मारलंय हो. आधी आमच्या धाकट्या दिरांच्या दुकानात आलतं, लाइन बाजारात. लॉनात लव्हाळा झालाय म्हणालं, आणि त्ये नाचणीच्या जातीचं रानगवत, चपट्या बुंध्याचं, वढलं तर हातात निस्ती पात येती, त्ये बी. दीर म्हणालं, बाबा, ह्ये मक्याचं हाय, ह्ये उसाचं हाय, बाटलीवर तसंच लिवलंय. लॉनाचं माझ्याकडं काय न्हाई. ऐकतंय कुठलं! दुसरीकडनं मक्याचं टोप्रामेझोन आणलं, टोपणानं मापलं आणि दिलं पंपात ओतून.

आता तुम्हीच हिशेब करा. मक्याला त्ये एकरी 30 मिली मारत्यात. एकराचे 40 गुंठे, म्हंजे गुंठ्याला पाऊण मिली. त्येंचं लॉन अर्धा गुंठा तरी भरंल का? अर्धा मिली बी लागत न्हाई. टोपणात धा मिली बसतंय; तेवढ्यात तेरा गुंठं मका निघाला असता!

मरत न्हाई हो त्ये. सिलेक्शन वन हाय, म्हंजे आपल्या हरळीतलंच. आमच्या मामंजींचा जलम हरळी काढण्यात गेला. भांगलून बांधावर वाळत टाकायची आणि पाऊस पडला की तिथंच परत फुटायची. आणि ही माणसं चौरस फुटावर पैसं मोजून तीच आणत्यात. नवीन पात फुटंल, पांढरी कापून काढतील, दोन-चार आठवड्यांत झालं पयल्यासारखं. पण वास्तुशांतीचं पाव्हणं या रविवारी येणार, त्येला कोण काय करणार!

पांढरंच का म्हणालासा? माझी भाची न्हाई का, इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकली, आता अमेरिकेत मैदानाच्या गवतावरच शिकती. ती सांगत हुती. पानात हिरव्या रंगासंगं पिवळा-केशरी रंग बी असतोय, कॅरोटिनॉइड म्हणत्यात त्येला. उन्हाचा तडाखा त्यो झेलतोय. ह्ये औषध त्यो रंग तयारच हुऊ देत न्हाई, मग ऊन हिरव्या रंगाला खाऊन टाकतंय. आणि ह्या जातीच्या औषधाचा शोध कशावरनं लागला म्हायतीय? बॉटलब्रशवरनं! त्येच ते, लाल कुंचल्याचं, प्रत्येक बंगल्याच्या दारात असतंय. 1977 साली कॅलिफोर्नियात एकाच्या ध्यानात आलं की त्या झाडाखाली तण कमी उगवतंय. त्यातलं द्रव्य धरून मेसोट्रायोन काढलं, 2001 ला बाजारात आलं. टोप्रामेझोन बी पानात त्याच जागी घाव घालतंय.

खरी गोम निराळीच हाय. उसात न्हाई का आपण मेट्रिब्युझिन आणि टू-फोर-डी एकत्र मारत? पात पिवळी पडती, 'शॉक बसला' म्हणायचं, खताचा डोस द्यायचा, पुढं चालू. कारखान्याच्या काट्यावर पातीचा रंग कोण बघतंय? टन बघत्यात. लॉनाला काटाच न्हाई. त्येचा रंग हेच त्येचं पीक. मग तण मेलं पण लॉन पांढरं पडलं, तर पीकच गेलं की!

म्हणून तिकडं गोल्फच्या मैदानांसाठी लोकांनी डोकी लावली. टोप्रामेझोनची मात्रा अगदी नखभर करायची आणि जोडीला, हसू नका, मेट्रिब्युझिन! आपलं उसाचं सेंकॉर हो, त्ये बी थोडंच. एक औषध पानातला एक दुवा कमी करतंय, दुसरं नेमकं त्याच दुव्याची जागा बळकावतंय. दोघांचा घाव एका ठिकाणी पडतोय, म्हणून दोघांची मात्रा कमी केली तरी नाचणीवालं गवत मरतंय आणि हरळीचा रंग फारसा उतरत न्हाई. मारल्यावर लगेच पाणी शिंपडलं तर आणखीनच कमी. मला हे काय पटलं न्हाई पयल्यांदा. औषध मारून धुवून टाकायचं? पण भाची म्हणती, करून बघितलंय लोकांनी. ट्रायक्लोपायर म्हणून एक हाय, त्येच्या जोडीनं बी पांढरेपणा कमी हुतोय म्हणं.

पण त्या पोराचा लव्हाळा ह्यातल्या कशानं बी हटायचा न्हाई, त्ये लिहून ठेवा. 2019 च्या पुराचा गाळ उपसला न्हाई का बंधाऱ्याकडनं, तवापासनं आमच्या खालच्या रानात बघा की. वर पात उपटली की खाली गाठींची माळ तुटती आणि एकेक गाठ निराळी फुटती. त्येला हॅलोसल्फ्युरॉन. एकरी 36 ग्रॅमची पुडी, आणि धीर धरायचा, दोन-तीन आठवडं काय दिसत न्हाई. अमेरिकेत त्ये लॉनासाठीच विकत्यात, हरळीला सोसतंय.

आता पोरगं म्हणतंय, रुंद पानाच्या तणाला वरनं टू-फोर-डी मारतो. म्हटलं मार, पण वारं बघून मार, आणि पंप निराळा ठेव. माझी मिरची नि टोमॅटो ह्या तारेला लागून हाय. वास जरी आला तरी शेंडं वाकडं हुत्यात.

आणि वैनी, गणपती जवळ आलं. तुमची सून रोज फिराय जाताना त्या लॉनाच्या कडेनं दूर्वा खुडती, मी बघितलंय. तिला सांगा, औंदा तिथल्या नको, आणि तिथलं कापलेलं गवत म्हशीला बी घालू नका. आमच्या विहिरीकडच्या बांधाला ढीगभर हाय. मालक गेली तीन वर्सं ती काढायची म्हणत्यात.