आजोबांच्या हातचं

लेबलं आधी आली, मशीन नंतर आलं आणि शिवण अजून यायची आहे.

लेबलं शंभर होती. पांढऱ्या सुती फितीवर निळ्या धाग्याने विणलेली अक्षरं: ‘आजोबांच्या हातचं’. पंचवीसही पुरली असती, पण शंभरावर सवलत होती. अडतीस वर्षं बँकेत बसून लोकांना हिशेब समजावणाऱ्या माणसासमोर सवलत आली की त्याचा स्वतःचा हिशेब संपतो. वर्षभरात शंभर कपडे सहज शिवून होतील असा माझा अंदाज होता. आजवर चार झालेत, तेही उशीचा अभ्रा कपड्यांत धरला तर.

मशीनवर एकवीस प्रकारचे टाके आहेत. पहिला म्हणजे सरळ टीप. तो सोडून उरलेले वीस मी बटण न फिरवताही घालू शकतो.

घरात आईचं पायमशीन होतंच. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, गेली वीस वर्षं डोक्यावर इस्त्री आणि रद्दी सांभाळत उभं. नवं मशीन खोक्यातून निघालं तेव्हा ब्याऐंशी वर्षांची आई बाल्कनीतून उठून बघायला आली.

“हे असताना ते कशाला?”

“अगं, हे पायाने चालतं. ते विजेवर.”

“आणि डोकं?” एवढं विचारून ती पुन्हा बाल्कनीत गेली.

पहिली भेट बायकोला. वाढदिवसाला उशीचा अभ्रा. चारही बाजूंनी इतक्या निगुतीने शिवला की तिने तो तीनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, “अहो, उशी आत कुठून घालायची?” मी म्हणालो, उशी आत घालूनच शिवायचा असतो, ही जुनी पद्धत आहे. आणि तसा शिवूनही दिला. दुसरी भेट ताईला, भाऊबिजेची पिशवी. ताई सानपाड्याला राहते. ती पिशवी घेऊन कौतुकाने बाजारात गेली आणि तीन किलो बटाटे सोडून बाकी सगळं घरी आणलं. रात्री तिचा फोन आला, “पिशवी इतकी सुंदर आहे रे, मी ती भिंतीवर टांगून ठेवलीय.” तिसरा मुलाचा कुर्ता. त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. तो घालून मुलगा उभा राहिला की लोकलच्या दारात कुणाला तरी कोपराने रेटतोय असं वाटायचं. “छान आहे, बाबा,” तो म्हणाला. ‘छान’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये एक जलद गाडी निघून गेली.

संत नामदेव शिंपीच होते. सुई-कातरी हाती असलेला तो माणूस थेट विठ्ठलापर्यंत पोचला. मी सुईच्या नेढ्यापर्यंतच पोचत नव्हतो. तरुणपणी राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं मला लांबून दिसायचं. त्यातून वारा जातो, ढग जातो, आडव्या बांध्याचे ट्रेकरसुद्धा जातात. माझ्या सुईच्या नेढ्यातून दोरा जाईना. दोन दिवसांनी कळलं की मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. मी दोन दिवस ते वरच्या जाड बाजूला शोधत होतो.

टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालचा दुसरा दोरा, अशा मशीनचं पेटंट १८४६ साली अमेरिकेतल्या एलायस हाऊने घेतलं. १८५१ साली आयझॅक सिंगरने आपलं मशीन काढलं. ते धडाक्यात खपू लागलं, हाऊने त्याला कोर्टात खेचलं आणि सिंगरला पैसे मोजावे लागले. आता सिंगर निघालाच आहे तर सांगून टाकतो. (बायको म्हणते, तो निघत नाही, तुम्ही काढता.)

१९२४ साली शांतिनिकेतनातल्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने गांधीजींना विचारलं, तुमचा झाडून सगळ्या यंत्रांना विरोध आहे का? गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचं नाव घेतलं. बायको हाताने टाके घालून थकते हे सिंगरला पाहवलं नाही आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने मशीन केलं, अशी त्यांची समजूत होती. हे वाचलं आणि माझ्या उद्योगाला परस्पर राष्ट्रपित्याचं प्रमाणपत्र मिळालं. पाहुणे आले की चहाबरोबर मी ही गोष्ट वाढू लागलो. बिस्किटं संपली तरी गोष्ट संपत नसे.

मग दुर्बुद्धी सुचली आणि मी सिंगरची माहिती काढली. बायकोवरचं प्रेम अगदीच खोटं म्हणता येणार नाही. फक्त ‘बायको’ या शब्दाला एकवचन चालत नाही. गडी मूळचा नाटकवाला. पाच जणींपासून चोवीस मुलं. एकाच शहरात त्याचे एकाहून अधिक संसार चालले होते, आणि एका घरी तो सिंगर नव्हताच, ‘मेरिट’ होता. मेरिट हे त्याचं मधलं नाव. आमच्या ओळखीत दोन घरी मेरिटची मशीनं होती आणि त्या घरांत सगळे किती सोवळ्यात वागायचे! शेवटी १८६० साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हा एकीबरोबर घोडागाडीतून चालला असताना दुसरीने आपल्या गाडीतून पाहिलं. तिने भररस्त्यात आरडाओरडा केला, प्रकरण पोलिसांत गेलं आणि सिंगरसाहेबांनी युरोप गाठला. माणूस असा जागोजागी उसवलेला, आणि मशीन मात्र पक्क्या टिपेचं!

हे सगळं मी आईला अभिनयासह सांगितलं. तिने शेंगा सोलता सोलता ऐकलं.

“प्रेमाचं मला ठाऊक नाही बाबा. माझं मशीन हप्त्याने घेतलं होतं. बारा रुपये महिना.”

गंमत म्हणजे हप्ताही सिंगरच्याच घरचा. १८५६ साली त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने मशीनं हप्त्याने द्यायला सुरुवात केली. म्हणजे आईचं मशीन आणि कर्जविभागातली माझी नोकरी, दोन्ही एकाच दोऱ्याने शिवलेली. हे मी आईला सांगणार होतो, पण तोवर शेंगा संपल्या होत्या.

असो. फ्लेमिंगो.

नातीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा ठरली. विषय ‘माझं शहर’. पलीकडच्या मुंबईकरांना सोपं आहे. डबेवाला आहे, गेटवे आहे, डबलडेकर आहे. सिडकोने आम्हा नवी मुंबईकरांना नोड दिले, सेक्टर दिले, पण अंगात घालता येईल असं काही दिलं नाही. पाच वर्षांच्या मुलीने सेक्टर सतरा होऊन स्टेजवर जायचं कसं? उरला फ्लेमिंगो. तो सिडकोने नाही, खाडीने दिलाय. सून म्हणाली, “बाबा, इथे खारघरला ड्रेस भाड्याने मिळतो, तीनशे रुपयांत.” भाड्याने! घरात सत्त्याण्णव लेबलं पडलेली असताना!

हार्बरने कुर्ला, तिथून दादर आणि चालत हिंदमाता. दुकानदाराला म्हटलं गुलाबी सॅटिन द्या. त्याने राणी, गुलबक्षी, गाजरी, डाळिंबी, अबोली असे पाच तागे उलगडले आणि “कसला गुलाबी?” म्हणून विचारलं. मी म्हणालो, कोळंबीचा. कारण एव्हाना माझा अभ्यास झाला होता. फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी जन्मतः करडा असतो. शेवाळ आणि कोळंबीसारखं बारीकसारीक खाऊन त्याला ही गुलाबी झाक येते. त्याचा मागे वाकणारा गुडघा हा गुडघा नसतोच, तो घोटा असतो. चोच पाण्यात उलटी धरून तो खातो. ठाण्याच्या खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. हे सगळं दुकानदाराने ऐकून घेतलं आणि अबोली तीन मीटर फाडून दिलं.

सॅटिन म्हणजे निवडून आलेला आमदार. पकडला असं वाटेपर्यंत दुसऱ्या बाजूने सटकलेला असतो. दोन सुया मोडल्या. दात कापडाला पुढे नेईनात, मग मी मागून ओढलं, मग कापड आलं आणि बॉबिनही आलं. पंख पाठीला लावायचा तो खालच्या घेराला लागला. मानेत भरायचा कापूस त्या अभ्र्यातल्या उशीतून काढला. तो अभ्रा फाडल्याशिवाय उघडत नव्हताच. आणि सगळ्यांत आधी, म्हणजे बाह्या लागायच्याही आधी, मी आतून लेबल लावलं. तिरकं लागलं, पण लागलं.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नऊ वाजता मान निखळली. शिवायला घेतली तर चेन निखळली. चेनमागोमाग माझा धीरही. पोतं काखेत मारून मी आमच्या सेक्टरच्या मार्केटात गेलो. तिथे जिन्याखाली एक मास्टर बसतात. अल्टर, रफू, चेन, फॉल-पिको. त्यांनी फ्लेमिंगो दिव्याखाली धरला.

“ये किसने सिया?”

“था एक टेलर.”

“टेलर बदल दो, साब.”

दोनशे म्हणाले. मी सवयीने म्हणालो, इतने से काम के? शेवटी दीडशेवर आणले. साडेदहापर्यंत ते एकटे खटखट करत बसले. मी शेजारच्या दुकानात उसाचा रस पीत उभा होतो.

स्टेजवर अकरा फ्लेमिंगो आले. दहा एकाच भाड्याच्या दुकानातले, एका मापाचे, प्लॅस्टिकच्या चोचीचे. अकरावा माझा. मास्टरांनी मान अशी पक्की बसवली होती की ती पडली नाही. पण आतला कापूस उशीचा होता आणि उशीचे संस्कार जात नाहीत, तो आडवा झाला. मान लवंडून नातीच्या खांद्यावर गेली. परीक्षकबाईंनी वाकून विचारलं, “आणि तू कोण गं? बदक?”

“मी झोपलेली फ्लेमिंगो आहे,” नात म्हणाली आणि एका पायावर उभी राहिली.

रोहित पक्षी मान पाठीवर टाकूनच झोपतो. हे मी तिला सांगितलं होतं की नव्हतं, आठवत नाही. आता मात्र मी सांगितलं होतं असंच सगळ्यांना सांगतो. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सुनेने लेबलाचा जवळून फोटो काढून स्टेटसला ठेवला. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे, जोडलेले हात, डोळ्यांत बदाम आलेले चेहरे. ‘काका, तुम्ही ग्रेट आहात!’ ‘हल्ली एवढे कष्ट कोण घेतं?’ मी प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर दिलं. मास्टरांचा उल्लेख कुठे करावा ते सुचलं नाही, म्हणजे सुचलं, पण मोठ्या टाइपात बसेना.

संध्याकाळी आईने तो झगा मांडीवर घेतला आणि मानेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“ही टीप तुझी नाही.”

आईपुढे काय लपवणार? सांगितलं. वर अभिमानाने सांगितलं, “दोनशे म्हणत होता. दीडशेत आणला.”

तिने झग्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, “ती आठ आणे कमी देणारी बाई होती बघ, तिचं नाव काय रे?”

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. वडील साच्यावर होते, आणि पगार थांबला तो थांबलाच. परळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चालू राहिलेलं यंत्र एकच. रात्री आई शिवायची, आम्ही त्या खटखटीत झोपायचो. मशीन थांबलं की जाग यायची. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज पोचवायला मी जायचो. तेव्हा कुणी हाताने शिवलंय म्हणून बदाम पाठवत नव्हतं. बाई उजेडात टीप तपासायच्या, काखेत ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, एवढ्याशा कामाचे? मग आठ आणे कमी हातावर ठेवायच्या. जिना उतरताना मी त्या आठ आण्यांचा हिशेब जुळवायचो, म्हणजे घरी गेल्यावर आईला काय सांगायचं तो. पुढे १९९० साली नेरुळला घर मिळालं. तेव्हा वाशीलाही लोकल आली नव्हती, ती १९९२ ची. सामान टेम्पोने आलं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली नाही. वाशीचा पूल संपेपर्यंत ती मागे मशीनचं चाक धरून उभी होती.

त्या बाईंचं नाव मला पक्कं आठवत होतं. मी सांगितलं नाही. बोलण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं, कारण बाईंचं वाक्य कालच मी हिंदीत म्हणून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पन्नासची नोट घेऊन जिन्याखाली गेलो. मला पाहताच मास्टरांनी हात पुढे केला.

“अब क्या उधड़ गया?”

काही उसवलं नाही, परवाचे राहिले होते, म्हटलं. त्यांना पटेना. हिशेब पुरा झालाय म्हणाले. मी आग्रहच धरला तेव्हा त्यांनी नोट खणात टाकली आणि म्हणाले, ठीक आहे, पुढच्या कामात वळते करू. पुढचं काम येणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

घरी येऊन झगा पुन्हा बघितला. पंख माझा, घेर माझा, वाकडेपणा सगळा माझा. आत एकच गोष्ट काटकोनात होती. तिरकं लागलेलं लेबल मास्टरांनी उसवून, चारही बाजूंनी बारीक सरळ टीप मारून, पुन्हा बसवून दिलं होतं: ‘आजोबांच्या हातचं’. त्याचे वेगळे पैसेही लावले नव्हते.

त्या रात्री मी आईच्या मशीनवरची इस्त्री खाली ठेवली आणि तिला म्हटलं, शिकव. तिने रद्दीतला एक पेपर काढून दिला. सुईत दोरा ओवू लागलो तर म्हणाली, “दोरा नको. आधी नुसत्या सुईने कागदावर, ओळीवरून. ओळ सुटली नाही की मग बघू.”

सध्या मी वर्तमानपत्रं शिवतो. काल एका अग्रलेखावरून अथपासून इतिपर्यंत सरळ गेलो. आईने कागद दिव्यासमोर धरला, भोकांतून आलेला उजेड बघितला आणि पुढचं पान दिलं. लेबल लावलं नाही.